बंद बोअरचं पाणी

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वाल्मिक गर्जेने बोअरच्या मोटारीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज उपटले आणि धाकट्या भावाच्या, कल्याणच्या, हातात ठेवले.

"घे," तो म्हणाला. "आता पाणी चोरायचं तर मला दातानंच वडावं लागंल."

कल्याण हसला नाही. त्याने फ्यूज मांडीवर घेतले आणि बोअरच्या कट्ट्यावर बसून मोबाईल उघडला.

पाथर्डीच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी गर्जे वस्ती आहे. दोन भावांत हा एकच बोअर. दिवाळीत दोघांचं ठरलं होतं की होळीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कल्याण आणि त्याची बायको सविता ऊसतोडीला जाणार, वाल्मिक तोवर आपल्या जुन्या विहिरीवर भागवणार. बोअरमधलं पाणी उन्हाळ्यात दोन्ही घरच्या जनावरांसाठी. असे शब्द याआधीही दिले-घेतले गेले होते. गेलेल्याने मागे राहिलेल्यावर विश्वास ठेवायचा, दुसरा इलाज नसायचा. या वर्षी होता.

तो इलाज वाल्मिकच्या मुलीने, दिशाने, केला होता. ती शहरात, सावेडीला राहते, एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळते. पत्त्यांच्या जोडाएवढा एक स्वस्त संगणक तिने आधी गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायला लावला, मग दुसरा दाराच्या घंटीला. दिवाळीच्या सुट्टीत तिसरा गावी आणला. लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत तो बसवला, वर हाताएवढं सोलर पॅनेल, आणि पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर वायरीने बोअरमध्ये सोडला. मोटार कोरडी चालू नये, एवढाच हेतू. पाणी किती खोल आहे, त्याची रेघ दोन्ही भावांच्या मोबाईलवर दिसू लागली.

राहुरीकडच्या उसाच्या फडात कल्याण रोज ती रेघ बघायचा. सविता म्हणायची, "लोकं पोरांना फोन करत्यात, आमचं मानूस बोअरला."

मग त्याला दिसलं की पाणी चार बोटं उतरतं आणि परत चढतं. दिवसातून दोनदा. बोअर बंद असताना. काही दिवस त्याने वाट पाहिली. शेवटी त्याने फोन केला.

"दादा, मोटार चालू करतोस का?"

"न्हाई."

"तुझ्याच पोरीचं यंत्र बोलतंय."

"मग यंत्रालाच इचार."

कल्याणने होळीनंतर मोटार वर काढायची आणि जनावरं वाटून घ्यायची भाषा केली. झुंबरबाई, दोघांची आई, त्या दिवशी जेवली नाही. दिशाने मध्ये पडून सांगितलं, दोघं समोरासमोर बसा, मी येते. दिवस अमावस्येचा ठरला. त्या दिवशी ऊसतोडीच्या टोळीतले लोक बैलांना गाडीला जुंपत नाहीत, म्हणून कल्याणला येता आलं. वस्तीवरही अमावस्येला औत धरत नाहीत. आसपासच्या सगळ्या मोटारी बंद होत्या.

दोघे भाऊ आणि दिशा, तिघं बोअरपाशी बसली. मोबाईलवरची रेघ खाली निघाली होती.

वाल्मिकने पाइपावर हात ठेवला. पाइप गार होता, हलत नव्हता. कल्याणने कान लावला. आत काहीच नव्हतं. फ्यूज त्याच्याच मांडीवर होते आणि पाणी उतरत होतं. एक बोट, दोन बोटं. साडेबाराच्या सुमारास रेघ थांबली. थोडा वेळ तशीच राहिली आणि हळूहळू वर वळली.

तिघं रेघेकडेच बघत होती. झुंबरबाई भाकरी घेऊन आली आणि तिघांकडे बघत राहिली. "कुनी मेलंय का? असं का बसलाय?"

"आय, मोटार बंद हाय," कल्याण म्हणाला.

"ते मी तुला पंधरा दिस झालं सांगतीया."

दिशा मागच्या नोंदी चाळत होती. पाणी उतरायची वेळ रोज एक नव्हती. रोज जवळजवळ तासभर पुढे सरकत होती. "चोर रोज तासभर उशिरा कशाला येईल?" ती पुटपुटली. मग तिने मान वर केली. "रोज एवढ्याच उशिरा चंद्र उगवतो."

"चंद्र समुद्राला वडतो," वाल्मिक म्हणाला. "हितं समुद्र कुटाय? हितं तीनशे फूट खडक हाय."

"खडकालाच ओढत असेल, आबा. खडक जरासा ताणला की भेगा रुंदावतात, पाणी खाली बसतं. सोडला की वर येतं."

"म्हंजी ही जमीन हलती?"

"इंच-दोन इंच नाही, त्याहून जास्त उचलली जात असेल. घर, गोठा, सगळं एकदम, म्हणून कळत नाही."

"आपन बसलोय हे बी?"

"हे पण."

वाल्मिकने नकळत पाय कट्ट्यावर उचलून घेतले. कल्याणने हाताची सावली करून आभाळाकडे पाहिलं. अमावस्येचा चंद्र सूर्याच्या शेजारीच असणार, दिसणार नव्हता. तरी तो बराच वेळ बघत राहिला. संध्याकाळी पाणी पुन्हा चार बोटं वर आलं, तेव्हाही चौघं तिथेच होती.

कल्याण शेवटच्या एसटीने गेला. चुकलो, असं तो म्हणाला नाही. वाल्मिकनेही ते ऐकायचा हट्ट धरला नाही. फ्यूज कल्याणच्या पिशवीत गेले.

दिशाने भूजलाच्या एका अभ्यासकाला नोंदी पाठवल्या. खोल, बंद खडकात असं होऊ शकतं, असं त्यांनी कळवलं. पण हवेचा दाबही दिवसातून दोनदा पाणी असंच खालीवर करतो, तेव्हा तो मोजल्याशिवाय यात चंद्राचा वाटा किती, ते खात्रीने सांगता येणार नाही. तिने बरणीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर बसवला आहे. महिनाभराची नोंद अजून व्हायची आहे. अष्टमीला, चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढत नसतात तेव्हा, पाण्याचा चढउतार निम्म्यावर आला होता.

परवा कल्याणने फडातून तिला फोन केला. आपल्या कोपीखालची, पाचटाच्या झोपडीखालची, जमीन त्याच वेळी उचलली जाते का, एवढंच विचारलं. जवळपास त्याच वेळी, ती म्हणाली. त्याने बरं म्हणून फोन ठेवला.

तिन्ही फ्यूज त्याच्या कोपीच्या बांबूला टांगलेले आहेत, असं सविता सांगते. वाल्मिकने ते मागितलेले नाहीत. दुसरे आणलेलेही नाहीत.