चौथ्या सकाळपर्यंतची पट्टी

"पाकिटावर आडवी सही कुठेय?" आमच्या ह्यांनी विचारलं.

समोर सर्जनबाई, टेबलावर खाकी पाकिटांचा गठ्ठा. आठवड्याने ह्यांच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढायची होती, आणि ह्यांना काळजी कसली, तर पाकिटाच्या तोंडाची!

"चिकटवलंय तिथे अर्धी वर, अर्धी खाली अशी सही हवी. नाहीतर वाफेवर धरून कोणीही उघडेल आणि आतली चिठ्ठी बदलेल."

मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन काढलं आणि ह्यांच्या देखत एकेका पाकिटावर आडवी सही केली.

चौतीस वर्षं हे विजेचे मीटर तपासत फिरले. सील तोडून वीज चोरणारे पकडायचे, हेच काम. ऑफिसात नाव पडलं होतं 'सीलसाहेब'. तपासणीच्या घरी कधी घोटभर पाणी प्यायले नाहीत. घरातही तोच खाक्या. लेक म्हणाली मैत्रिणीकडे गेले होते, की हे विचारणार, तिच्या दारातलं पायपुसणं कुठल्या रंगाचं आहे? माझ्या शब्दावर मात्र उलटा प्रश्न नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. त्याचा मला केवढा तोरा होता, काय सांगू!

बाईंनी सगळं नीट सांगितलं. ऑपरेशन दोन तऱ्हांनी होतं. एक, पोटावर लांब चीर देऊन, उघडून. दुसरं दुर्बिणीतून, लहान लहान भोकं पाडून. गाठ दोन्हींत निघते. कोणाचं कुठलं करायचं, ते त्या पाकिटातली चिठ्ठी ठरवणार.

"पण चीर मोठी असली की अंगातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे आपले पहारेकरी, काही दिवस जास्त मंदावतात असं वाटतं. दुर्बिणीत कमी मंदावतात का, लवकर सावरतात का, हे आम्ही रक्त तपासून बघतोय."

"म्हणजे तुम्हालाच माहीत नाही?"

"नाही. माहीत असतं तर चिठ्ठ्या कशाला काढल्या असत्या?"

ह्यांनी लगेच संमतीच्या कागदावर सही ठोकली. बाहेर आल्यावर म्हणाले, "माहीत नाही म्हणणारा माणूस पहिल्यांदा भेटला."

नियम एकच होता. कुठलं ऑपरेशन झालं ते पेशंटला चौथ्या सकाळपर्यंत कळू द्यायचं नाही. म्हणून सगळ्यांच्या पोटावर सारखीच मोठी पट्टी. चौथ्या सकाळी रक्त घ्यायचं, एक कागद भरून घ्यायचा, मगच पट्टी काढायची.

पण ह्यांच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. जेवता जेवता घास हातात धरून म्हणायचे, "उघडून केलं तर पहारेकरी झोपणार. आणि एखादी पेशी आत राहिली असेल तर? तिला रान मोकळं."

"अहो, काही दिवसांचाच प्रश्न आहे, बाईंनी सांगितलं ना!"

"चोराला काही दिवस पुरतात."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ह्यांना चालवायचं होतं, पण हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. सिस्टर दोनदा येऊन गेली. "काय उपयोग?" एवढंच बोलणं. चालला नाहीत तर छातीत कफ धरेल, असं ती म्हणाली.

मी अंग पुसायला घेतलं. घामाने पट्टीची कड सुटली होती. बघू नये हे मला कळत होतं, तरी बघितलं. बेंबीच्या वरपासून खाली गेलेली, टाक्यांच्या जागी मारलेल्या पिनांची रांग. म्हणजे उघडूनच केलं होतं.

मान वर केली तर हे टक्क जागे.

"बघितलंस ना? काय केलंय?"

"दुर्बिणीतून," मी म्हणाले. "इवलीशी भोकं आहेत."

आता विचारणार, किती? कुठे कुठे? मी मनात चार भोकं तयार ठेवली होती. ह्यांनी काहीच विचारलं नाही. पाणी मागितलं, प्यायले, आणि दुपारी माझ्या खांद्यावर हात टाकून खिडकीपर्यंत चालत गेले. संध्याकाळी पुन्हा गेले. "आजोबांनी मनावर घेतलं म्हणायचं!" सिस्टर म्हणाली. मी हसले खरी, पण मनात पाल चुकचुकत होती. आज सांगते, उद्या सांगते, करत तिसरा दिवसही गेला.

चौथ्या सकाळी सिस्टरने रक्त घेतलं आणि तो कागद पुढे केला. तुमच्या मते कोणतं ऑपरेशन झालं? कशावरून?

ह्यांनी चष्मा लावला. तपासणीच्या अहवालात लिहायचे त्याच सरळ अक्षरात लिहिलं, 'दुर्बिणीतून.' खाली लिहिलं, 'पत्नीने स्वतः पाहिले.'

"अहो, थांबा जरा..." मी म्हणाले. पण सिस्टरने पट्टी सोडवली होती.

ह्यांनी मान वाकवून पाहिलं. बोट हवेतच खाली खाली नेत पिना मोजल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. सिस्टरने कागद वाचला आणि ती गोरीमोरी झाली.

"आजोबा, खोडून बरोबर लिहायचं का?"

"नको. लिहिलं तेव्हा माझ्यापुरतं ते खरंच होतं."

"तुम्ही उठत नव्हता हो," मला रडूच फुटलं. "मी घाबरले होते. तुम्ही चालावं, एवढंच वाटलं मला."

"कळलं," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता. खेकसले असते तर मी सहन केलं असतं. परक्या घरी बोलायचे तसं, सभ्य आणि मोजकं बोलले.

सिस्टरने रक्ताच्या नळ्या ट्रेमध्ये ठेवल्या. "पांढऱ्या पेशींचा आकडा संध्याकाळी येईल. आजींना सांगते."

"त्यांना नको," हे म्हणाले. "मला सांगा. आणि कागद दाखवा."