बोटभर लांब

लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाला स्वतःच्या घरात कुणालाच थांबवून ठेवता आलं नाही. बायको वेगळी झाली आणि मुलगी तिच्याबरोबर गेली. ठरल्याप्रमाणे मुलगी रविवारी बापाकडे यायची, पण कॉलेज सुरू झालं तसे रविवार गळायला लागले. कधी परीक्षा, कधी मैत्रीण, कधी नुसतंच डोकं दुखतंय. लिफ्टवाल्याने तक्रार केली नाही. तक्रार करायला तोंड लागतं, आणि ते त्याने संसारातच झिजवून टाकलं होतं.

मग एकदा तिनेच फोनवर सांगितलं की तिला ॲनिमेशनच्या कोर्सला अर्ज करायचाय. त्यासोबत स्वतः केलेली छोटी फिल्म द्यावी लागते, आणि आईचा लॅपटॉप ते सॉफ्टवेअर उघडतानाच मान टाकतो.

"तयार कॉम्प्युटर कशाला आणायचा? सुटे भाग आणू," बाप म्हणाला. "आपण दोघं जोडू."

"तुला येतं?"

"अगं, माणसांना वर-खाली नेणारी यंत्रं जोडतो मी. हे तर टेबलावर गप बसणारं."

पहिली चूक खरीखुरी होती. मदरबोर्ड एका पिढीचा आणि प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा, त्यामुळे तो काही केल्या खोबणीत बसेना. लिफ्टवाला घामाघूम झाला. मुलगी, खारू, जमिनीवर मांडी घालून बसली होती, ती पोट धरून हसली. लहानपणी खारीसारखे पेन्सिलींचे तुकडे उशीखाली साठवायची म्हणून तिला हे नाव पडलं होतं.

"बाबा, जोर लावू नकोस रे. पिना वाकतील."

त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत थांबली. जेवली, आईची नक्कल करून दाखवली, आणि बदललेला प्रोसेसर बसवायला पुढच्या रविवारी सकाळीच हजर झाली. बापाला तिथे चटक लागली.

रॅम त्याने मुद्दाम चुकीची आणली. पट्टीवरची खाच आणि बोर्डावरचा उंचवटा समोरासमोर येईनात. त्याने डोकं खाजवलं, दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली, आणि आणखी एक रविवार पदरात पाडून घेतला. लबाडी होती, पण लेकरासाठी केलेली लबाडी माणसाला पुण्यासारखी वाटते.

"महिनाअखेरच्या आत पाठवायचंय हं," खारू म्हणाली होती. "फिल्म करायलाच आठवडा जाईल."

"होईल गं," म्हणत त्याने ते कानाआड केलं.

राहिलं होतं ग्राफिक्स कार्ड. दुकानदाराने आधीच सांगितलं, "साहेब, तुमच्या कॅबिनेटला हे लांब पडेल." लिफ्टवाल्याने खिशातून टेप काढून मोजलं. कार्ड बोटभर जास्तच लांब होतं. "असू दे," तो म्हणाला, "बदलायला येतोच."

रविवारी कार्ड पुढच्या पत्र्याला अडलं तेव्हा खारू हसली नाही. तिने ते पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "मीच बदलून आणते." बापाने दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायची त्याला भीती वाटली.

पुढच्या रविवारी ती आली ती थेट कामाला लागली. नवं कार्ड खोबणीत बसवलं, स्क्रू आवळले, वायर जोडली, बटण दाबलं. पंखा फिरला आणि पडदा उजळला.

"बघ, झालं की नाही!" लिफ्टवाला टाळी वाजवायचा तेवढा राहिला. "आता बस इथे आणि कर तुझी फिल्म."

"मुदत शुक्रवारी संपली. आखूड कार्ड दुकानदाराला मागवावं लागलं, ते काल आलं." तिने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "तो म्हणाला, तुझ्या बाबांनी टेप लावून मोजलं होतं."

मोजताना चुकलो, असं म्हणता आलं असतं. पण केसभर फरकाने लिफ्टचं दार अडतं हे तिला शिकवलं होतं त्यानेच.

"रॅमसुद्धा?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"आणि पहिला प्रोसेसर?"

"तो खरंच चुकला गं. शपथ."

तिला ते पटलं की नाही, ते कळेना. ती पडद्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती.

"मी तशीही आले असते, बाबा," ती म्हणाली. "मला यायला आवडायला लागलं होतं."

तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याने मुकाट्याने ऐकून घेतल्या असत्या.

"हा घेऊन जा, तुझाच आहे."

"राहू दे इथेच."

"मग रविवारी ये ना," तो घाईघाईने म्हणाला. "इथे बसून कर. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल. मी मधे मधे बोलणार नाही."

खारूने बॅग खांद्याला लावली.

"बघते," ती म्हणाली.

लिफ्टवाल्याने दार उघडून दिलं. ज्या इमारतीत जायचं नसे, तिथल्या गिऱ्हाइकांना तोही 'बघतो' असंच सांगायचा.