खोगीरभरती

लातूरच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या वहिदाचा एक नियम होता: ज्या वाक्यात ‘असं म्हणतात’ येतं, त्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढायची. धाकट्या भावानं लिहिलेल्या घराण्याच्या इतिहासात तिनं इतक्या रेघा ओढल्या, की तो कागद दुरेघी वहीच्या पानासारखा दिसू लागला.

“आपा, तुला इंग्रजीत तर्जुमा करायला बोलावलं,” यासेर म्हणाला. “पेपर तपासायला न्हाई.”

नांदेडच्या इतवाऱ्यात ‘जिलानी खोगीरवाले’ ही पाटी त्यांच्या अब्बांच्याही जन्माआधीची. माळेगावच्या यात्रेत घोडा विकत घेणारा माणूस खोगिरासाठी याच दुकानात येई. आता घोडे कमी झाले आणि दुकानात पट्टे, पाकिटं, दप्तरं लटकू लागली. त्यातही ऑनलाइन वस्तूंसमोर टिकाव लागेना. दिवाळीनंतर इथं मोबाइलची कव्हरं विकायची, असं यासेरनं ठरवलं होतं. अब्बांना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते ठाऊक होतं.

तेवढ्यात व्होक्लेरचा निरोप आला. व्होक्लेर हे फ्रान्समधलं चामड्याच्या वस्तूंचं घराणं. त्याचा इतिहास यासेरला तोंडपाठ होता. मूळ पुरुष बग्गीच्या घोड्यांचे साज शिवायचा. मोटारी आल्या तेव्हा मुलानं साज सोडून प्रवासी पेट्या धरल्या, नातवानं पेट्यांवरून हातातल्या बॅगा केल्या. सहा पिढ्यांच्या तसबिरी, पाच मिशांच्या आणि शेवटची एका मुलीची. ती मुलगी, क्लेमांस, भारतात पिढीजात साज शिवणाऱ्यांना भेटत फिरत होती. तिनं दोनच गोष्टी मागितल्या होत्या: घरातली एक जुनी वस्तू आणि एक पान इतिहास. ती दुसऱ्या दिवशी येणार होती. तिनं काम दिलं तर दुकान चामड्याचंच राहणार होतं.

जुनी वस्तू भिंतीवर होती. निजामाच्या रिसाल्यातल्या घोडेस्वारांसाठी पणजोबांनी शिवलेलं खोगीर, असं म्हणतात.

वहिदानं ते खाली उतरवलं, शिवणीतून दोऱ्याचं एक टोक खेचलं आणि काडी पेटवली.

“अगं, जाळून टाकशील!”

“सुती दोरा असेल तर राख होईल, कागद जळल्याचा वास येईल,” ती म्हणाली. “बघ.”

राख झाली नाही. दोरा आक्रसला, वितळला आणि टोकाला मोहरीएवढा काळा मणी धरला.

“नायलॉन. पणजोबांच्या काळी नव्हतं.”

यासेरनं अब्बांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

“दोरा मी बदलला,” ते शांतपणे म्हणाले. “चामडंही दोनदा बदललं. घोड्याचा घाम चामडं खातो, बेटा.”

“मग अब्बा, रिसाल्याचं यात राहिलं काय?”

“माझ्या अब्बांनी सांगितलेलं.”

वहिदाला हसू आलं, पण यासेरला आलं नाही. “तू लिही मग,” तो म्हणाला. “लिही, आम्हाला काहीच इतिहास न्हाई. ती बाई चहा पिऊन निघून जाईल.”

“खोटं घेऊन गेली तर बरं का? निजाम, रिसाला, तलवारी... सगळी खोगीरभरती आहे ही, यासेर.”

आतला भाकरी थापण्याचा आवाज थांबला. अम्मी पिठाच्या हातांनी दारात आल्या.

“काय म्हणालीस?”

“तसं नाही अम्मी, बोलण्यात येतं. उगाच भरलेलं, फालतू...”

“खोगीरवाल्याची लेक हायस तू,” अम्मी म्हणाल्या. “अन् खोगीरभरती शिवी म्हणून वापरायलीस? मास्तरणींनी म्हणावं. तू म्हणायलीस?”

हा शब्द वहिदानं आयुष्यभर वापरला होता. वर्गात, पेपर तपासताना, सहकाऱ्यांच्या प्रबंधांवर. तो आपल्या घरातून गेलेला असावा हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

“उसव ते,” अम्मी म्हणाल्या.

अब्बांनी आरीनं शिवण उसवली. आतून चिंध्यांचा घट्ट दाबलेला थर निघाला. अम्मी बोलत गेल्या, वहिदा एकेक तुकडा सुटा करत गेली. वरचं शिवणकाम पुरुषांचं, भरणं बायकांचं. नव्या सुनेनं आपल्या घरचं कापड आणायचं, बारीक कातरायचं आणि भरायचं. जुनी भरती काढायची नाही, ती घोड्याच्या पाठीला बसलेली असते. दबली की तिच्यावर नवी चढवायची. एक गाठ राहिली तरी घोड्याची पाठ लागायची, सोलून निघायची, आणि पाठ लागलेल्या घोड्याचा मालक पुन्हा दुकानात यायचा तो भांडायला.

वहिदा हातातल्या चिंध्यांकडे पाहत राहिली. चामडं बदललं, दोरा बदलला. न बदलता राहिली ती फक्त भरती. या खोगिरात सर्वांत जुनं काही असेल तर ते हेच. तिनं आणखी काड्या मागितल्या.

वरचा थर वितळला. “टेरिकॉट,” ती म्हणाली. “माझ्या लग्नातलं,” अम्मी म्हणाल्या. खालचा सुती निघाला, राख भुरभुरीत. त्याखाली जाडंभरडं, हातानं कातलेल्या सुताचं. मधेच एक चकचकीत जांभळा तुकडा आला.

“ते सासूबाईंचं रेशीम,” अम्मी आदरानं म्हणाल्या. “हैदराबादचं. मला हात लावू द्यायच्या न्हाईत.”

वहिदानं धागा पेटवला. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. इथं कागदाचा आला.

“रेशीम नाही, अम्मी. नकली.”

अम्मी क्षणभर पाहत राहिल्या, मग भिंतीला टेकून पदर तोंडाला लावून हसू लागल्या. “म्हातारीनं मरेस्तोवर माझ्यावर तोरा मिरवला की गं याचा!” अब्बाही हसले. आपल्या आईची बाजू घ्यावी की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

वहिदानं त्या संध्याकाळी पान नव्यानं लिहिलं. रिसाल्याची हकीकत ‘घरात सांगतात, पुरावा नाही’ एवढ्या शब्दांत बसवली. उरलेलं पान थरांचं होतं, नकली रेशमासह. यासेरनं ते वाचलं आणि म्हणाला, “यात राजा कुठंच न्हाई.”

“घोड्याची पाठ आहे.”

क्लेमांस आली, चहा प्याली, पान वाचलं. रेशमापाशी तीही हसली. मग तिनं उसवलेल्या खोगिरावर तळवा ठेवून हळूच विचारलं, आणि वहिदानं तेच मराठीत सांगितलं:

“आता भरतं कोण?”

दप्तरांच्या पट्ट्यांत काय असतं हे यासेरला माहीत होतं. हैदराबादहून तोच आणायचा. त्यानं बहिणीकडे पाहिलं. तिच्या हातात पेन्सिल नव्हती, तरी त्याला ती दिसली असावी.

“कुणीच न्हाई,” तो म्हणाला. “फोम असतो. सांग तिला.”

वहिदानं सांगितलं. क्लेमांसनं मान डोलावली. आमच्या मूळ पुरुषाची म्हणून एक आरी काचेत ठेवली आहे, ती म्हणाली. माझ्या काकांनी ती लिलावात घेतली, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. फोम मला पॅरिसमध्ये मिळतो. खांद्याचा एक पट्टा असा चिंध्यांनी भरून पाठवा. मी तो वापरीन, मग बोलू.

तिनं काम दिलं नाही, नाकारलंही नाही. तिची गाडी वळली तसे सगळे आत आले. यासेरनं आपला जुना सुती सदरा आणला आणि कात्री घेऊन बसला.

“हे सुनेचं काम,” अब्बा पुटपुटले.

“सून बँकेत हाय,” अम्मी म्हणाल्या. “कातरू द्या त्याला.”

पट्टा भरून झाला तेव्हा वहिदानं तो दुसऱ्या, फोमच्या पट्ट्याशेजारी ठेवला आणि अम्मींना डोळे मिटायला लावले. कुठला पट्टा कशाचा, हे कुणी बोलायचं नाही, असं तिनं बजावलं. अम्मींचा तळवा पहिल्या पट्ट्यावरून न थांबता सरकला. दुसऱ्यावर मध्यात अडला.

“इथं गाठ हाय,” त्या म्हणाल्या. “हा आपला.”

यासेरनं ओठ दातांत धरून शिवण उसवायला घेतली.