लॅपटॉपच्या पोटातला अर्धा धवला

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि स्वभावाने तापट. पोटाखाली जरा मोकळी हवा मिळाली नाही की माझा पंखा भणभणायला लागतो. स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. आता ठाण्याजवळ बाळकुमच्या एका घरात कपाटाच्या वरच्या फळीवर चादरींखाली पडून आहे, तरी मनातल्या मनात माझी येरझार चालूच असते. ती कशामुळे, हेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथलं एवढंच आठवतं की माझे स्क्रू आवळणारे हात फार घाईत होते. ती घाई बहुधा तिथूनच माझ्या अंगात आली. माझ्या उजव्या कुशीत एक कप्पा होता. बटण दाबलं की तो जीभ काढावी तसा बाहेर यायचा आणि त्यात सीडी ठेवायची. पुढच्या बाजूला आवाजासाठी दोन बारीक जाळ्या होत्या. कडेला शेजारीशेजारी दोन भोकं होती, एक हेडफोनचं आणि एक माइकचं. १९९८ साली एवढा सरंजाम अंगावर बाळगणारा लॅपटॉप म्हणजे चेष्टा नव्हती.

पंप बनवणाऱ्या एका कंपनीने मला घेतलं आणि दामाजीच्या खांद्यावर लटकवलं. दामाजी बाळकुमच्या कोळीवाड्यातला. बापाने खाडीत जाळी टाकली, पोरगा पंप विकायला लागला. तो मला घेऊन कल्याण, आंबिवली, भिवंडी पालथी घालायचा. गिऱ्हाइकासमोर कप्प्यात सीडी घालायची आणि पंपाचा व्हिडिओ दाखवायचा. चित्र बिस्किटाएवढं आणि अडखळत चालणारं, पण लोक मान वाकडी करून बघत. घरी रविवारी तो माझ्यावर गाण्यांची सीडी लावायचा. माझा आवाज तसा डासाचा, तरी आळीतल्या बाया दारात उभ्या राहून म्हणायच्या, "दामाजीच्या पेटीन बाजा हाय." मला कौतुकाचं अजीर्ण व्हायचंच तेवढं बाकी होतं.

त्या वर्षी दामाजीची धाकटी बहीण सगुणा हिचं लग्न ठरलं. आणि त्याच सुमारास त्यांची आत्या आवडाबाई हिच्या गळ्यात गाठ निघाली.

मित्रांनो, आवडाबाई कोण ते तुम्हाला कळायला हवं. ती धवलारीण होती. लग्नात हळदीपासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीला जे गाणं गायचं, तो धवला. तो गाणारी ती धवलारीण. तिच्या धवल्यात घराण्यातल्या मरून गेलेल्या बायांची नावं एकामागून एक यायची, म्हणजे त्याही लग्नाला येऊन बसतात अशी समजूत. बाहेरगावची धवलारीण आणता आली असती, पण तिला या घरातल्या बायांची नावं कुठून ठाऊक? ती सगळी एकट्या आवडाबाईच्या गळ्यात होती, आणि डॉक्टरांनी तर सांगितलं होतं की ऑपरेशननंतर आवाज राहीलच असं नाही. ऑपरेशन आधी होतं, लग्न नंतर.

सगुणाने दामाजीला गाठलं. "दादा, काहीतरी कर रे," ती म्हणाली. "आत्याचा आवाज ठेवून दे कुठेतरी."

"टेपरेकॉर्डर फीत खातो आपला," दामाजी म्हणाला. "ह्याच्यात भरूया. मी ठाण्याला गेलेलो तेव्हा एका दुकानात बघितलंय, तिथे सीडी बनवून देतात." आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. अभिमानाने माझा पंखाच सुरू झाला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळीच आवडाबाईला माझ्यासमोर बसवलं. दामाजीने माइक लावला तो हेडफोनच्या भोकात. मी आतल्या आत चडफडत होतो. त्याच्या लक्षात येऊन त्याने तो काढून शेजारच्या भोकात घातला, तर आवडाबाईच अडून बसली.

"मांडव नाय, हलद नाय, नवरी नाय. मी कुनासाठी गाऊ? धवला असाच गात नाय."

"आत्या, नुसतं ह्याच्यात भरायचंय," दामाजी म्हणाला.

"आन एकदा लावला का पुरा करावा लागतो. नवरीला मधीच सोरत नाय."

सगुणाची आई मंजुळा शहाणी बाई. तिने वाद घातला नाही. आंब्याचा टहाळा आणून खिडकीला बांधला, हळद कालवली, अक्षता केल्या. पण सगुणाला लग्नाच्या इतकी आधी हळद लावायची कशी? तो तर अपशकुन. सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग सगळ्यांची नजर माझ्यावर आली. आवडाबाईने बोट हळदीत बुडवलं आणि माझ्या झाकणावर लावलं. मित्रांनो, माझ्या अख्ख्या खानदानात हळद लागलेला मी एकटाच असेन.

"गाना बसते कवं?" मंजुळाने विचारलं.

दामाजी वायरी गुंडाळण्यात गुंतला होता. त्याने न बघताच कप्प्याचं बटण दाबलं. "इथे," तो म्हणाला. खरं तर गाणं बसणार होतं माझ्या पोटातल्या डिस्कवर. कप्प्यात पंपांची सीडी तशीच पडलेली होती. पण मंजुळाला चकचकीत गोल तबकडी दिसली. गाणं बसायचं तर पाट रिकामा कसा ठेवायचा? तिने हात जोडले, चिमूटभर अक्षता तबकडीवर वाहिल्या आणि कप्पा हलकेच आत लोटला.

इकडे दामाजीने रेकॉर्डचं बटण दाबलं. आवडाबाई गाऊ लागली आणि माझ्या कुशीत तांदूळ भरडायला सुरुवात झाली. जात्यासारखी घरघर उठली. मधेच थांबवलं तर आत्या पुन्हा गायची नाही, म्हणून दामाजीने सगळ्यांना हातानेच गप्प केलं आणि उशी घेऊन माझ्या कुशीवर दाबून धरली. त्यामुळे त्याची माझ्या पडद्याकडे पाठ झाली.

आणि माझ्यातल्या रेकॉर्डरची रीत अशी होती की एक मिनिट झालं की तो आपोआप थांबायचा. पुढचं भरायचं तर बटण पुन्हा दाबायचं. दामाजीने तोवर पंपच दाखवले होते, आवाज कधी भरला नव्हता. मिनिट संपलं आणि मी थांबलो. आवडाबाई मात्र गात राहिली. पडद्यावर आवाजाबरोबर नाचणारी हिरवी रेघ आडवी पडली, मग बॅटरी वाचवायला माझा पडदाही काळा झाला. एकामागून एक नावं माझ्यासमोरून जात होती आणि एकही माझ्यात शिरत नव्हतं. बटण दाब, अरे बटण दाब, असा मी आतून नुसता तडफडत होतो. तोंड असतं तर बोंब मारली असती. सकाळची दुपार झाली. गाणं पुरं झालं तेव्हा आवडाबाई घामाने निथळली होती. तिने माझ्यावर अक्षता टाकल्या आणि ती भिंतीला टेकली.

दामाजीने ऐकायला लावलं तेव्हा एक मिनिट निघालं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्याने मला उलटंसुलटं केलं, सगळे फोल्डर धुंडाळले, कपाळाला हात लावला. सगुणा मोरीत जाऊन रडली, ते मला ऐकू आलं. आत्याला पुन्हा गा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

ऑपरेशन झालं. आवडाबाई घरी आली ती नुसती कुजबुज घेऊन. आवाज गेला होता.

सगुणा तिच्या खाटेशी बसून माझं ते एक मिनिट लावायची. घरघरीच्या आडून आवडाबाईचा भरदार आवाज यायचा:

"हलद लेवून नवरी गो होरीन बसली,
खाडीचे मंधारी गो होरी थांबली…"

आणि बरोबर तिथेच मी संपायचो. नवरी हळदीच्या अंगाने होडीत, खाडीच्या मधोमध, आणि पुढे काही नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आवडाबाई खाटेवर उठूनच बसली. तिने सगुणाचं डोकं ओढून आपल्या तोंडाशी आणलं आणि कानात पुढची ओळ सांगितली. सगुणाने ती म्हटली. आवडाबाईने मान हलवली, चूक. पुन्हा सांगितली. नवरीला मधेच सोडायचं नव्हतं ना!

मग रोजचाच परिपाठ झाला. मी एक मिनिट गायचो, मला बंद करायचे आणि खरं काम त्यापुढे चालायचं. आवडाबाई खाटेच्या कडेवर बोटांनी ताल धरायची, चुकलं की सगुणाच्या मांडीवर चापट मारायची. सुरुवातीला मला अपमान वाटला. एवढा मोठा लॅपटॉप मी, आणि माझं काम काय तर नवरीला खाडीत अडकवून ठेवणं. काही दिवसांनी त्यांनी मला लावणंही सोडलं. बंद झाकणातून मी सगुणाचा आवाज ऐकायचो. रोज तो थोडा मोकळा होत होता.

लग्नाच्या हळदीला दामाजीने मला हौसेने मांडवात आणून ठेवलं. आवडाबाईचा आवाज निदान मिनिटभर तरी ऐकू यावा, ही त्याची इच्छा. मी घाबरून गेलो होतो, कारण मी कुठे थांबणार ते मला ठाऊक होतं. आवाज आला, बायांनी पदर डोळ्यांना लावले. होडी खाडीच्या मधोमध आली आणि मी थांबलो.

मग पाटावर बसलेल्या सगुणाने पुढची ओळ उचलली.

शेजारची गोदूबाई पुढे झाली. "अगो, नवरी कदी आपलाच धवला गाते का? रीत हाय का ही?"

आवडाबाई उठली. आवाज नव्हता, म्हणून तिने गोदूबाईच्या तोंडावर सरळ हात ठेवला. दुसरा हात सगुणाच्या पाठीवर ठेवून ती तिच्यामागे उभी राहिली. सगुणा गात गेली. आजी आली, पणजी आली, एकेक नाव मांडवात आलं. मंजुळाला रडू आवरेना. मीही रडलो असतो, पण पाणी आम्हाला चालत नाही.

पुढे माझ्या कुशीतली घरघर काही गेली नाही. गिऱ्हाइकासमोर पंप अडकून पडायला लागले. कंपनीने नवा लॅपटॉप घेतला आणि मला दामाजीच्या गळ्यात मारलं. थोड्या दिवसांत त्याच्याही घरी नवं काही आलं आणि मी फळीवर चढलो.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची काळजी घ्या. कप्प्यात अक्षता टाकू नका, पोटाखाली हवा राहू द्या. पण नुसतं बटण दाबून निर्धास्तही होऊ नका. ज्याला येतं त्याच्याजवळ जाऊन बसा, चुका, त्याच्या चापट्या खा. आम्ही ठेवतो ते जसंच्या तसं राहतं, त्यात आम्हाला कधीच काही घालता येत नाही.

आवडाबाई दोन पावसाळ्यांनी गेली. त्यानंतर घरात पहिलं लग्न निघालं तेव्हा धवला गायला सगुणा माहेरी आली होती. फळीवरून मी कान देऊन ऐकत होतो. आजीचं नाव आलं, पणजीचं आलं. मग सगुणाने आवडाबाईचं नाव घेतलं. माझ्याजवळच्या धवल्यात ते नाव नाही.