खालच्या खणातला डाग

पाझित आष्टमकरचा एक नियम होता: वस्तूचा पहिला फोटो तिच्या दोषाचा. टवका उडालेली कड, गंजलेलं बिजागर, चिरलेला दांडा. तो झाला की मग वस्तू सरळ ठेवायची, मागे पांढरी चादर लावायची आणि बाकीचे फोटो काढायचे. वर्णनही तसंच. आधी काय बिघडलंय ते, मग काय चांगलं आहे ते. तेल अवीवच्या ज्या स्टुडिओत ती फिल्म धुवायची, तो डिजिटल कॅमेरे आल्यावर बंद पडला. तेव्हापासून ती रामल्यातल्या आपल्या बाल्कनीत लोकांच्या जुन्या वस्तूंचे फोटो काढून इंटरनेटवरच्या लिलावात विकत होती. बाल्कनीत सकाळचा उजेड सरळ येई. ऊन भिंतीवर चढलं की काम बंद. तिच्याकडून घेतलेली वस्तू आजवर कोणी परत पाठवली नव्हती, आणि याचा तिला अभिमान होता.

२००४ च्या हिवाळ्यात बतशेवा मावशीचं रामल्यातलं घर आवरायला निघालं. ही पाझितच्या आईची थोरली बहीण. लग्न होऊन दोन मुलं झाल्यावर ठाण्याहून इथं आलेली, आता सत्तरीच्या पुढची. दमा बळावला तसं डॉक्टरांनी कोरडी हवा सुचवली आणि अरादला राहणाऱ्या अहरोननं, तिच्या मुलानं, आईला आपल्याकडे बोलावलं. जागा लहान होती. जास्तीचं सामान आणू नकोस, असं त्यानं स्पष्टच सांगितलं होतं. शिवणयंत्र गेलं, पितळी घंगाळ गेलं. शेवटी फणेरपेटी उरली.

पेटी शिसवीची होती, हातभर लांब. झाकण उघडलं की आतल्या बाजूला आरसा, त्याच्या खाली फणी, तेलाची बाटली, काजळ ठेवायचे खण. आरसा जुना बेल्जियन होता आणि एका कोपऱ्यात त्याचा पारा किंचित उडाला होता. पाझितनं पहिला फोटो त्या कोपऱ्याचा काढला.

त्याच सकाळी मावशीचा फोन आला. सांधेदुखीनं तिची बोटं वाकली होती, त्यामुळे आवराआवरीच्या सूचना ती फोनवरूनच देत असे.

“पेटी काढलीस? खालच्या खणात डाग आहे बघ. तो काढ, मगच वीक.”

पाझितनं आत पाहिलं. तेलाची बाटली वर्षानुवर्षं जिथं उभी होती, तिथं खणाच्या तळाशी काळा गोल डाग होता. दिसला, असं तिनं सांगितलं.

“माझ्या बोटांनी निघत नाही गो. तूच काढ. आणि कोणाला दाखवू नको.”

नियम मोडायची पाझितला सवय नव्हती. पण म्हाताऱ्या माणसाला आपल्या पेटीतल्या तेलकट डागाची लाज वाटत असेल, तर ती जपायला हवी, असं तिला वाटलं. डाग गेल्यावर दोष उरत नाही, मग दाखवायचा प्रश्नही नाही. टर्पेंटाइन आणि बारीक पॉलिशपेपर घेऊन ती दुपारभर बसली. तळ साफ निघाला. नवा भाग वेगळा दिसू नये म्हणून तिनं पूर्ण पेटीला आतून बाहेरून पातळ पॉलिश दिलं. मावशीनं संध्याकाळी विचारलं, काढलास का. काढला, अगदी पूर्ण काढला, असं ती म्हणाली.

“मग नीट ठेव हां,” मावशी म्हणाली आणि दुसऱ्या विषयावर गेली.

वर्णन असं होतं: शिसवी फणेरपेटी, पश्चिम भारत, विसाव्या शतकाचा पूर्वार्ध. आरशाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पारा उडालेला. आत चार खण, चारही रिकामे. लाकूड साफ करून पॉलिश केलेलं. पेटी हैफाच्या एका बाईंनी घेतली. ओरना त्यांचं नाव, जुन्या आरशांचं आणि चौकटींचं दुकान. पाझितनं पेटी कापसात बांधून पोस्टानं पाठवली. मिळाल्याची पोच आली.

त्यानंतरच्या शब्बाथला, शनिवारी, मावशी जेवायला आली होती. तिची नात ओरिट, अहरोनची मुलगी, पुढच्या महिन्यात लग्न करणार होती. लग्न इस्रायली पद्धतीनं हॉलमध्ये, पण मेंदी रामल्यात, महाराष्ट्रातून आलेल्या आपल्या लोकांत. जेवण झाल्यावर मावशीनं हात पुढे केला.

“आण आता तो डाग.”

पाझितला कळेना. डाग कसा आणायचा, तो तर घासून टाकला, असं ती हसत म्हणाली. मावशी हसली नाही.

“काय घासलंस?”

“तळ. तेलाचा डाग होता तो.”

मग मावशीनं सांगितलं. पेटीच्या खणांखाली आणखी एक खण होता, चोरकप्पा. त्यात तिच्या आईची ठुशी होती, कापडात गुंडाळलेली, हलली तरी वाजू नये म्हणून. इथं आल्यावर तिनं अंगावरचे डाग एक एक करून मोडले होते. हा एवढा एक ठेवला होता. मुलांना त्याची खबर नव्हती, नाहीतर कधीच मोडला गेला असता. तो ओरिटच्या गळ्यात मेंदीच्या दिवशी घालायचा, हे तिनं ओरिट जन्मली तेव्हाच ठरवलं होतं.

पाझित मराठी बोलायची ती स्वयंपाकघरातली. तिच्या मराठीत डाग कपड्याला पडायचा, फरशीला पडायचा. सोन्यालाही डाग म्हणतात हे ती प्रथमच ऐकत होती.

पेटी कोणाकडे आहे ते कळल्यावर मावशीनं लगेच बेत सांगितला. ठुशीचं बोलायचं नाही. पेटीत घरचा एक कागद राहिला म्हणायचं, जायचं, काढायचं, यायचं. पाझितनं मान हलवली, पण रविवारी फोन हातात घेतल्यावर तिला ते जमेना. तिनं ओरनाला हिब्रूत सांगितलं की वर्णनात चूक झाली आहे. खण चार नाहीत, पाच आहेत, आणि पाचव्यात विक्रीत नसलेली एक वस्तू आहे.

काय वस्तू, असं ओरनानं विचारलं. मावशी समोर बसली होती. तिनं ‘नको’ म्हणून वाकड्या बोटांचा पंजा उभा धरला. घरातलीच एक वस्तू आहे, एवढंच पाझित म्हणाली.

ओरना म्हणाली की पेटी तिनं सगळीकडून पाहिली आहे, ठोकूनही पाहिली आहे. पाचवा खण नाही. कोणीतरी मागाहून जास्त बोली देणारा भेटला असेल तर तसं सरळ सांगावं, गोष्टी रचू नयेत.

तसं काही नाही, आम्ही येऊन दाखवतो, असं पाझित म्हणाली. तिच्या शब्दावर आजवर कोणी शंका घेतली नव्हती. आणि या वेळी शंका घ्यायला जागा होती, कारण तिनं अर्धंच सांगितलं होतं.

दोघी सकाळच्या गाडीनं निघाल्या. मावशीनं येण्याचा हट्टच धरला. चोरकप्प्याची खुंटी कुठं आहे ते तिला तोंडानं सांगता येत नव्हतं. तेल अवीवला गाडी बदलून त्या खिडकीशी बसल्या. मग मावशी म्हणाली, “फोटो काढायला शिकलीस, भाषा तेवढी राहिली.”

“तू सरळ दागिना म्हणाली असतीस तर?”

“दागिना दुकानात असतो. घरात असतो तो डाग.”

“आणि खण? मला वाटलं, तू बाटलीचा खण म्हणतेस.”

“खालचा म्हटलं ना मी? बाटलीच्या खाली काय असतं?” मावशीनं पदर नसलेल्या खांद्यावर शाल ओढून घेतली. “तुझी आई असती तर तिनं बरोबर काढला असता. आणि पळवलाही असता.”

पाझितला हसू आलं. मावशीही थोडी हसली आणि मग खोकली.

ओरनाचं दुकान हैफाच्या हदार भागात एका उताराच्या रस्त्यावर होतं. भिंतींना टेकवून सगळीकडे आरसे उभे होते, काही चौकटीसकट, काही नुसतेच. ओरना पन्नाशीची, आखूड केसांची, जाड काचांचा चष्मा लावणारी बाई होती. तिनं मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं, पण पेटी टेबलावर ठेवून स्वतः तिच्याशेजारीच उभी राहिली.

मावशीनं पाझितचं बोट धरून शेवटच्या खणाच्या कोपऱ्यात नेलं. तिथं एक पितळी खुंटी होती, खिळ्याच्या डोक्याएवढी. ती दाबून फिरवायची, म्हणजे समोरची खालची पट्टी बाजूला सरकते. पाझितनं दाबली. खुंटी फिरली. पट्टी हलली नाही. तिनं पुन्हा केलं, नख घालून पाहिलं. नख घालायला फटच नव्हती.

ओरना हाताची घडी घालून बघत होती. ती म्हणाली, खुंटी प्रत्येक पेटीला असते.

फट का नाही ते पाझितला कळलं होतं. तिनंच ती भरली होती. पातळ पॉलिश फटीत उतरून वाळलं होतं, आणि फोटोत ती पट्टी इतकी अखंड दिसली होती की तिला तेव्हा समाधान वाटलं होतं. तिनं ओरनाला तसंच सांगितलं: फट मीच बुजवली आहे, आता पातं घालून पट्टी उचकटावी लागेल आणि कडेचा टवका उडेल.

“काय म्हणते ती?” मावशीनं विचारलं. पाझितनं सांगितलं. मावशीनं मान हलवली.

“नको. पेटी आता तिची आहे. दुसऱ्याची वस्तू आपण फोडायची नाही. चल.” आणि ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागली.

या काय म्हणाल्या, असं ओरनानं विचारलं. पाझितनं शब्द न शब्द हिब्रूत सांगितला. ओरनानं हाताची घडी सोडली. ती मावशीकडे वळली आणि तिलाच विचारलं की आत आहे तरी काय.

मावशीनं पाझितकडे पाहिलं नाही. तिचं हिब्रू रामल्याच्या कारखान्यात शिकलेलं होतं, थोडं आणि ठणठणीत. “माझ्या आईची माळ,” ती म्हणाली. “सोन्याची. नातीचं लग्न आहे. तुला सांगायचं नव्हतं मला.”

“का?”

“तू ठेवून घेशील म्हणून.”

ओरना आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात चौकटीत काचेभोवती भरलेली जुनी पुट्टी कापायचं पातळ पातं होतं. पाझितनं ते घ्यायला हात पुढे केला, तर तिनं दिलं नाही.

“पेटी माझी ना?” ती म्हणाली. “मग टवका मीच उडवते.”

तिनं पातं पट्टीच्या खाली लावलं, हळूहळू आडवं नेलं. वाळलेल्या पॉलिशचे कपचे निघाले. मग लाकूड कट्कन वाजलं आणि कडेचा नखभर तुकडा टेबलावर पडला. पट्टी बाजूला सरकली. आतला खण बोटभरच उंच होता. त्यात पिवळी पडलेली मलमलची घडी होती.

ती घडी ओरनानं उचलली नाही. तिनं पेटी फिरवून मावशीच्या समोर केली.

मावशीला गाठ सुटेना, म्हणून पाझितनं सोडली. ठुशी तशीच होती, बारीक मण्यांची, मधे लहानसं पदक. मावशीनं ती दोन्ही हातांनी उजेडात धरली, मण्यांवरून अंगठा फिरवला, आणि धागा तुटला. रेशीम कधीच कुजून गेलं होतं. मणी तिच्या मांडीवरून फरशीवर गेले आणि उताराच्या दिशेनं घरंगळत सगळ्या दुकानभर पसरले.

“हलू नका कोणी,” मावशी मराठीत म्हणाली, आणि ओरनाही जागच्या जागी थांबली.

मग ओरनानं पावलं जपून टाकत दार लावलं आणि बंदची पाटी फिरवली. ती आणि पाझित गुडघ्यांवर उतरल्या. मावशीला खाली बसणं शक्य नव्हतं. ती खुर्चीवरून सांगत राहिली, तिथं एक, त्या निळ्या चौकटीपाशी दोन. कपाटाखालचे मणी दिसत नव्हते. ओरनानं एक लहान आरसा आडवा धरून कपाटाखाली सरकवला आणि फूटपट्टीनं एक एक मणी बाहेर ओढला. सापडला की ती तो आपल्या चष्म्याच्या डबीत टाकत होती. भुकेची वेळ झाली तेव्हा तिनं न विचारताच ब्रेड, चीज आणि काकड्या मांडल्या. खाऊन पुन्हा सगळा कोपरा न कोपरा पाहिला. सगळे मणी मिळाले का, ते कोणालाच सांगता आलं नसतं. मावशीनं ते कधी मोजले नव्हते.

पाझितनं टवका उडालेल्या कडेचा फोटो काढला. पेटीचं वर्णन मी नव्यानं लिहून देते, पाचही खणांचं, असं ती ओरनाला म्हणाली. ओरना म्हणाली, द्या, पण पेटी मी आता विकेन असं वाटत नाही.

मावशी डबीतल्या मण्यांकडे बघत होती. ठुशी ओवणारा पटवेकरी इथं कुठून मिळणार? तिच्या बोटांत सुई राहत नव्हती, पाझितला ओवणं येत नव्हतं. आणि मेंदी जवळ आली होती. तिनं पाझितकडे फोन मागितला आणि अरादचा नंबर लावायला सांगितला. ओरिटनंच उचलला.

“ओरिट, ऐक बाय. मेंदीच्या अगोदर रामल्याला ये. एकटी ये. पिवळं रेशीम आण, पक्कं, आणि बारीक सुई.”

पलीकडून ओरिटनं हिब्रूत विचारलं की सुई कशाला, काय शिवायचं आहे.

“शिवायचं नाही. ओवायचं आहे,” मावशी म्हणाली. “मी सांगेन तसं ओवायचं. पणजीची माळ आहे तुझ्या. हात धुऊन बस, एक दिवस लागेल.”