सहा गावांची बारी

वैजिनाथअप्पांना विजेची गळती हातानं कळायची. तारेच्या जोडाला ते हाताची मागची बाजू लावत आणि जोड कोमट लागला की म्हणत, "हितं खातंय." वीज जिथं उगाच तापते तिथं ती वाया जाते, हे एवढंच शास्त्र त्यांनी टेलिफोन खात्यात तीस वर्षं सांभाळलं होतं.

धारूरच्या घाटाखाली, दोन खोल्यांच्या एक्सचेंजात ते टेक्निशियन होते. तिथं फोन जोडून देणारं, संगणकावर चालणारं लोखंडी कपाट आलं आणि सहा गावांत एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेली पोरं बाजाराच्या दिवशी चार वाजता फोन करायची आणि त्यांच्या म्हाताऱ्या आया तीनपासूनच बूथसमोर पदर सावरून बसायच्या. देवळातसुद्धा एवढी एकाग्र माणसं अप्पांनी पाहिली नव्हती.

पण सत्त्याण्णवच्या त्या मार्चात लाईट सकाळी सातला जायची ती संध्याकाळी पाचला यायची. जनरेटर कधीच निकामी झाला होता. कपाट चालायचं बॅटऱ्यांवर आणि जुन्या बॅटऱ्या तीन वाजताच मान टाकायच्या. नव्यांचा अर्ज वर जाऊन दोन वर्षं झाली होती. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हणसुद्धा तिथं लाजली. अप्पांनी एकेक जोड घासला, लांबच्या तारा तोडून आखूड केल्या. पाऊण तास वाढला. अजून सव्वा तास हवा होता.

तो सव्वा तास कुठं जातो हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं. एक्सचेंजच्या साहेबांच्या खोलीत एक इन्व्हर्टर होता. बॅटरीतली वीज कपाट जशीच्या तशी खायचं, पण पंख्याला आणि ट्यूबलाईटला घरातल्यासारखी वीज लागते. ती बदलून देता देता इन्व्हर्टर तिसरा हिस्सा स्वतःच गिळायचा. डबा एवढा तापायचा की थंडीत एक्सचेंजातलं मांजर त्याच्यावरच झोपायचं. अप्पांनी एकदा मीटर लावून पाहिलं होतं. साहेबांचा पंखा, ट्यूब आणि तो डबा मिळून तीन गावांएवढी वीज खात होते. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? अप्पांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि साहेबांच्या एका शेऱ्यानं आदिलाबादच्या हद्दीपर्यंत बदली होत होती. त्यांनी मीटर परत पेटीत ठेवून दिलं.

मग त्यांना विहिरीवरची बारी, म्हणजे पाण्याची पाळी, आठवली. सामाईक विहिरीचं पाणी जसं भाऊबंद वाटून घेतात, तसं प्रत्येक गावाचे फोन दिवसातून तीन तास बंद ठेवायचे आणि वाचलेल्या विजेवर चारची वेळ सगळ्यांनी गाठायची. सहाही गावांत ते सायकलवर फिरले. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. जांभळवस्तीच्या कडूबाईनं तर सगळ्यांच्या आधी कागदावर अंगठा उठवला. विहिरीवरचा जुना रिवाजही तिथल्याच बंकट बूथवाल्यानं कागदात घालून घेतला: ज्याच्या घरी मयत होईल, त्याच्यासाठी बाकीच्यांनी आपली बारी सोडायची आणि त्याच्या गावाचा फोन चालू ठेवायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. अप्पांनीही डोलावली.

पहिल्याच बाजाराला चार वाजता सहाही गावांचे फोन वाजले. त्या रात्री अप्पा पोटभर जेवले.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, जांभळवस्तीची बंदची बारी अकरा ते दोन होती. साडेअकराला तिकडं कर्नाटकात ऊस भरलेली ट्रॉली उलटली आणि कडूबाईचा एकुलता एक बिभीषण तिच्याखाली गेला. त्याची बायको कारखान्याच्या फाटकावरून गावाला फोन लावत राहिली. मुकादम म्हणाला, घरचे म्हणत असतील तर गाडी करून मयत गावाला नेऊ, नाहीतर या उन्हात ठेवता येणार नाही. ती बिचारी दीड वाजेपर्यंत आकडे फिरवत होती, त्यापुढं मुकादम थांबला नाही. दोनला लाईन सुरू झाली आणि बंकटच्या बूथवर तिच्या फोनची घंटा वाजली, तेव्हा तिकडं चिता पेटली होती. आईला लेकाचं तोंडसुद्धा दिसलं नाही.

अप्पांना ते संध्याकाळी कळलं. ते ओट्यावर बसले ते उठलेच नाहीत. त्यांच्या बायकोनं, रुद्राणीनं, ताट आणलं, तसंच परत नेलं. नियम मोडला असं म्हणावं तर कुणीच मोडला नव्हता, म्हणून तर त्यांना स्वतःची जास्त शरम वाटत होती.

तेराव्यानंतर कडूबाई एक्सचेंजात आली. दुपारचे बारा वाजले होते आणि लाईट नव्हती. अप्पांनी शिव्याशापांची तयारी ठेवली होती. साहेब जेवायला गेले होते, म्हणून त्यांनी तिला साहेबांच्या खोलीत सावलीला बसवलं आणि पाणी दिलं. ती फरशीवरच टेकली.

"आमचे धनी गेलते तवा इहिरीवर समद्यांनी बारी सोडलती," ती म्हणाली. "तुमच्या फोनला कसं कळावं अप्पा, मयत कुणाच्या घरी हाय? ते सांगायलाच तर फोन लागतो. अंगठा म्याबी दिलाय. मला न्हाई कळलं, तुमाला न्हाई कळलं."

तीस वर्षं या खात्यात काढलेल्या माणसाला जे सुचायला हवं होतं, ते ती सांगत होती आणि वर दोषही वाटून घेत होती.

पाणी पिताना तिनं मान वर केली. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

"लाईट न्हाई तरी ह्यो फिरतुया," ती सहज म्हणाली. "ह्याची बारी कवा आसती?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर अप्पांना सोसला असता. ते उठले, गरम डब्याजवळ गेले आणि बॅटरीकडून येणाऱ्या तारा त्यांनी मुळापासून कापल्या. पंखा चार-दोन फेऱ्या घेऊन थांबला. मग भिंतीवरचा बारीचा कागद काढून त्यांनी सहाही गावं सुरू केली.

साहेब परत आले, घामाघूम झाले आणि लेखी जाब मागून घरी निघून गेले. अप्पांनी कागद पुढ्यात घेतला, पण लिहिलं काहीच नाही. ते मीटरसमोर स्टूल टाकून बसले. तीन वाजले. चार वाजले. पाचला लाईट आली, तोवर एकाही गावाचा फोन बंद पडला नव्हता. बॅटरीत अजून अर्ध्या तासाची वीज शिल्लक होती.