लहानूची मिशी

ज्या माणसाचं नाव घ्यायची घरात चोरी होती, त्याच्या नावाची कमान गंगापूर रोडवर उभी राहिली, तेव्हाच वत्सलाबाईंनी ओळखलं की महापालिकेची निवडणूक जवळ आली. कमानीवर त्यांच्या वडिलांचं, लहानूचं, नाव वीतभर होतं. उमेदवार धनराजचा चेहरा हातभर, मिशीसकट.

धनराज म्हणजे त्यांच्या चुलत भावाचा मुलगा. त्र्याऐंशी वर्षांच्या या आत्याकडे तो जन्मात फिरकला नव्हता. महिन्यापूर्वी लहानूचं स्मारक करायचंय म्हणत उगवला तो पेढे आणि फोटोग्राफर घेऊनच. दोनदा पाया पडला. पहिल्या वेळी फोटो नीट आला नव्हता.

लहानू म्हणजे मूकपटातली राणी. बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या त्या काळी सटाण्याचा हा पोरगा नऊवारी नेसून, नथ घालून उभा राही आणि थिएटरातल्या बायका पदराने डोळे पुसत. पण राणीला मिशी चालत नाही, आणि बाप जिवंत असताना मुलाने मिशी काढायची नाही, तो गेला की दहाव्याला उतरवायची, ही घरची रीत. लहानूने काढली. बापाने अंगणात मडकं फोडलं आणि जित्या पोराचं तेरावं घातलं. जेवणाला बुंदी होती म्हणे! पुढे बोलपट आले, राणीच्या तोंडून भसाडा आवाज निघाला आणि लहानू नाशकात येऊन ब्लाउज शिवत बसला. त्याचे चित्रपट सगळे जळाले, कुजले. उरला राणीच्या वेशातला एक फोटो आणि मिशी काढली तो वस्तरा.

फोटो देताना वत्सलाबाईंनी बजावलं होतं, "आहे तसाच लावायचा. नथीसकट."

"आत्या, शब्द म्हणजे शब्द," धनराज म्हणाला.

वस्तरा त्या स्वतः आणणार होत्या, स्मारकाच्या काचपेटीत ठेवायला. आपला बाप होता तसा एकदा लोकांनी बघावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

स्मारकाच्या उद्घाटनाला भाषणं झाली. कुणी लहानूला शूर म्हणालं, कुणी समाजभूषण. त्याची एक भूमिका सांगा म्हटलं असतं तर सगळं व्यासपीठ आढ्याकडे बघत बसलं असतं. मग वत्सलाबाईंच्या हातात फोटोवरच्या पडद्याची दोरी दिली गेली. त्यांनी ओढली.

पडद्यामागून निघाला फेटेवाला, झुपकेदार मिशांचा कुणी सरदार. नथ गायब. डोळे तेवढे बापाचे, काजळ घातलेले.

"धन्या, हे काय?"

"कॉम्प्युटरवर केलंय, आत्या," तो हळूच म्हणाला. "राणी कशी लावणार? लोक काय म्हणतील? आजोबा मर्द गडी होते, तेच दाखवायचं."

वत्सलाबाईंना रागसुद्धा आला नाही, किळस आली. मिशी काढली म्हणून यांनीच हाकललं, आता घरात घेतायत तेही मिशी चिकटवून. माणूस यांना तेव्हाही नको होता, आताही नको आहे.

त्यांनी माईक ओढून घेतला.

"धनराज, तुझा बाप गेल्या भादव्यात गेला. दहाव्याला मी न बोलावता रामकुंडावर आले होते. न्हावी तुझ्यासमोर वस्तरा काढून बसला होता. तू त्याला काय म्हणालास, ते सांग सगळ्यांना."

धनराज माईक बंद करायची खूण करू लागला.

"मग मीच सांगते. हा म्हणाला, बॅनर छापून झालेत, मिशी राहू दे."

मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. धनराजचा हात आपसूक ओठावर गेला.

"माझ्या बापाने कामासाठी मिशी काढली. तू कामासाठी ठेवलीस. तेरावं मात्र त्याच्या एकट्याचंच झालं."

पिशवीतून वस्तरा काढून त्यांनी धनराजच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

"काचपेटीत नको, तुझ्यापाशीच राहू दे. धार अजून आहे त्याला."